चढ कोणाच्या अंगावर

डोंगरउतारावरच्या गावांचे जुने फोटो पाहताना माझं लक्ष आधी रस्त्याकडे जातं. माणसं, दुकानं, पाट्या सगळं नंतर. मोटार यायच्या आधीचा फोटो असला तर वाट सरळ उतारावरून खाली येताना दिसते. चार पायऱ्या, मग थोडा तिरका फरसबंदीचा पट्टा, पुन्हा पायऱ्या. एका कडेने पाणी वाहून जायला दगडी पन्हळ. एखाद्या वळणावर भिंतीला लागून कमरेएवढ्या उंचीचा ओटा असतो. तो बसायला बांधला असेल असं वाटतं, पण त्याची उंची बसणाऱ्याच्या सोयीची नसते. पाठीवर ओझं घेतलेल्या माणसाने पाठमोरं होऊन, ओझं न सोडता, ते ओट्यावर टेकवावं आणि दोन मिनिटं दम खावा, यासाठी ती उंची. नेपाळच्या डोंगरवाटांवर चौताऱ्या अशाच दोन पातळ्यांच्या बांधतात. खालची पातळी माणसाला, वरची त्याच्या भाऱ्याला.

या ओट्यांवर माझा जीव आहे. ते बांधणाऱ्याला चढ कोणाच्या अंगावर पडतो हे पक्कं ठाऊक होतं. डोंगरातल्या गावात जे काही वर जायचं, मग ते धान्य असो, पाणी, दगड, आजारी माणूस किंवा लाटसाहेब, ते कोणाच्या तरी पाठीवरून, खांद्यावरून नाहीतर खुरांवरून जायचं. मोटारीने नेमकं हे बदललं. चढ माणसाच्या आणि जनावराच्या अंगावरून उतरून इंजिनावर गेला. एवढंच झालं असतं तर गोष्ट सोपी होती. पण चढ इंजिनावर सोपवायचा म्हणजे तो इंजिनाला झेपेल असा करून द्यावा लागतो, आणि तसा करून देता देता गावच्या गाव नव्याने आखलं गेलं.

थोडा हिशोब मांडून पाहू. समजा खालच्या बाजारापासून वरच्या वस्तीपर्यंत उभी उंची ६० मीटर आहे. पायरी १५ सेंटीमीटर उंच आणि ३० सेंटीमीटर रुंद धरली तर ४०० पायऱ्या लागतात, आणि त्या सगळ्या मिळून आडव्या जेमतेम १२० मीटरांत बसतात. आता तीच उंची मोटारीने चढायची. डोंगरात रस्ता आखणारे इंजिनिअर साधारण पाच-सहा टक्के चढ धरतात, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर पाच-सहा मीटर वर. सहा टक्क्यांनी ६० मीटर चढायला एक किलोमीटर रस्ता लागतो. १२० मीटरच्या जागी हजार मीटर! हा हजार मीटरचा रस्ता गावात मावायचा तर त्याला वळसे द्यावे लागतात, आणि प्रत्येक वळशाला गाडी फिरण्याएवढी सपाट जागा हवी. ती जागा कोणाच्या तरी परसातून येते, कधी घरातून. वरच्या अंगाला डोंगर कापायचा, खालच्या अंगाला भिंत बांधून भराव घालायचा. जी वाट उतारावरून सरळ खाली येत होती तिला हा नवा रस्ता दोन-तीन ठिकाणी आडवा छेदून जातो. पाण्यालाही तो आडवाच येतो. पायऱ्यांच्या कडेने खाली पळणारं पावसाचं पाणी आता रस्त्याच्या गटारात अडतं, एका मोरीपाशी गोळा होतं आणि तिथून लोटाने खालच्या घरांवर पडतं. डोंगरातल्या रस्त्यांच्या कितीतरी दुखण्यांचं मूळ या आडव्या छेदात आहे.

मोटारीआधी डोंगरात चाक नव्हतंच असं नाही. घोडागाड्या होत्या, आणि त्यांच्यासाठीही रस्त्यात बदल झालेच होते. फक्त ते बदल घोड्याचा पाय समोर ठेवून केलेले असत. चढावरची फरसबंदी मुद्दाम खडबडीत असे. दगड अरुंद, रस्त्याला आडवे बसवलेले, मधले सांधे जरा रुंद, म्हणजे नालेची पुढची कड सांध्यात रुतते आणि घोड्याला जोर लावायला आधार मिळतो. उतारावर मागच्या चाकाखाली साखळीने बांधलेला लोखंडाचा जाड तुकडा सरकवत. चाक फिरायचं थांबे आणि गाडी त्या लोखंडावरून घासत खाली येई. रस्त्याची पार साल निघायची. चढताना मागच्या चाकामागे एक लाकडी रूळ फरफटत ठेवत. घोडा दमून थांबला की चाक त्या रुळावर टेकून गाडी जागच्या जागी राही. इंग्लंडमधल्या चढाच्या गावांत टेकडीच्या पायथ्याशी जास्तीचा घोडा घेऊन पोरं उभी असत. आलेल्या गाडीला तो घोडा जोडायचा, माथ्यापर्यंत न्यायचा, सोडून परत खाली आणायचा. दिवसभर हेच काम. चढावर जागोजाग घोड्यांना पाणी प्यायला दगडी कुंड्या होत्या.

पहिल्या मोटारी आल्या त्या या मांडणीत. माथ्यापर्यंत पोचेतो रेडिएटरमधलं पाणी उकळायचं, आणि मोटारवाले घोड्यांच्या त्याच कुंडीतून डबा भरून घ्यायचे. चढाच्या गावात मोटारीचा कस लागतो हे कारखानदारांनीही लवकर ओळखलं. १८९७ सालीच फ्रान्समध्ये नीसहून ला तुर्बीच्या चढावर मोटारींची शर्यत झाली. पुढे १९०३ मध्ये त्याच चढावर काउंट एलियट झ्बोरोव्स्की शर्यतीत मारला गेला. वर राहणाऱ्यांसाठी जो चढ रोजच्या जगण्याचा भाग होता, तो खालून येणाऱ्यांसाठी मर्दुमकीचं मैदान झाला. रस्त्यावरच्या माणसाला बाजूला व्हायला लावण्याची सुरुवात मला इथे दिसते.

फोर्डचं मॉडेल टी १९०८ मध्ये आलं आणि १९२७ पर्यंत त्याच्या दीड कोटी गाड्या निघाल्या. साधारण माणसाची पहिली मोटार ती हीच, म्हणून चढावर ती कशी वागायची हे जवळून पाहण्यासारखं आहे. ताकद जेमतेम २० अश्वशक्ती. खाली तीन पायडलं. डावं पायडल पूर्ण दाबलं की गाडी खालच्या गिअरमध्ये जायची, पाय उचलला की वरच्या. म्हणजे लांब चढ असेल तर डावा पाय सबंध चढभर दाबून धरायचा. मांडीत गोळा येईस्तोवर. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली, आणि पेट्रोल इंजिनापर्यंत जायचं ते पंपाशिवाय, आपल्या वजनाने वाहत. टाकीत पेट्रोल कमी आणि चढ उभा असला की इंजिन टाकीपेक्षा वर जायचं आणि पेट्रोल पोचायचं थांबायचं. मग गाडी वळवून, पाठ वर करून, रिव्हर्समध्ये चढवायची. रिव्हर्सला ओढही जास्त होती. चढाच्या गल्लीत एक मोटार मागच्या अंगाने सावकाश वर येते आहे, चालवणारा मान वळवून खांद्यावरून पाहतो आहे, दारात उभ्या बायका पोरांना मागे ओढताहेत: हे त्या काळातलं अगदी रोजचं दृश्य असणार. उतारावर कसलेले चालक तिन्ही पायडलं आळीपाळीने वापरत, खालचा गिअर, रिव्हर्स आणि ब्रेक, कारण प्रत्येक पायडल आतला एक वेगळा पट्टा आवळायचं, आणि एकच पट्टा तापून जळू नये.

खरी भीती होती ती उताराची. इंजिन कमी पडलं तर गाडी थांबते. ब्रेक कमी पडला तर थांबत नाही. सुरुवातीच्या बहुतेक मोटारींचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना, नाहीतर मागे शक्ती नेणाऱ्या दांड्यावर असत. चारी चाकांना ब्रेक ही गोष्ट सर्रास झाली ती १९२० नंतर. ब्रेकच्या पट्ट्यावर चामडं नाहीतर सुती पट्टा असे, तो लांब उतारावर धुमसू लागे. शिवाय असे पट्ट्याचे ब्रेक गाडी पुढे जाताना जसे धरत, तसे ती मागे घरंगळताना धरत नसत. म्हणून काही मोटारींच्या मागच्या आसाखाली टोकदार लोखंडी दांडा लटकवलेला असे. चढावर इंजिन बंद पडलं की दोरी सोडून तो दांडा खाली पाडायचा, तो रस्त्यात रुतायचा. घोडागाडीच्या लाकडी रुळाचाच हा वंशज. इंग्लंडमधल्या डर्बिशरच्या डोंगराळ भागातल्या हर्बर्ट फ्रूडची गोष्ट मला म्हणूनच फार आवडते. तिथले गाडीवान उतारावर ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुने बूट बांधतात हे त्याने पाहिलं, आणि चाकाला घासून धरणारं चांगलं अस्तर कशाचं करता येईल याच्या मागे तो लागला. १८९७ मध्ये त्याने धंदा सुरू केला. त्यातून उभी राहिलेली फेरोडो कंपनी पुढे ब्रेकच्या अस्तरांसाठी जगभर माहीत झाली. सपाट मुलखात राहणाऱ्याला हे सुचायला वेळ लागला असता.

मोटार आणि घोडा एकाच रस्त्यावर असण्याची ती वीस-पंचवीस वर्षं चढाच्या गावांना फार जड गेली असणार. मोटारीला गुळगुळीत रस्ता हवा, घोड्याला खडबडीत. डांबर ओलं झालं की चढावर घोड्याचे पाय सटकत. रस्ता एकाच्या सोयीचा करावा तर दुसरा पडतो. हा झगडा कोणत्याही चर्चेने सुटला नाही. घोडे कमी होत गेले तसा तो आपोआप मिटला. अगदी उभ्या गल्ल्यांत मात्र दगडानेच बाजी मारली. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये कॅन्टन अ‍ॅव्हेन्यू नावाची ३७ टक्के चढाची गल्ली आहे. तिथे अजून दगड आहेत, कारण तेवढ्या चढावर टायरलाही दगडाचीच पकड लागते.

धुळीचा त्रास सगळीकडेच होता, पण डोंगरात तो दुहेरी. वरच्या वळणावरून मोटार गेली की धुरळा खालच्या घरांच्या कौलांवर, वाळवणावर, उघड्या खिडक्यांत. मोनॅकोत १९०२ साली डॉ. गुग्लिएलमिनेटी या स्विस डॉक्टरने रस्त्यावर गरम डांबर ओतून धूळ बसवण्याचा प्रयोग केला, आणि तो यशस्वी झाला. एका डॉक्टरला रस्त्याकडे वळावं लागलं, यावरून धूळ लोकांच्या छातीत किती जात होती ते समजावं.

आता एका मुलखाबद्दल जरा सविस्तर लिहितो. या विषयात तो मला सगळ्यांत जवळचा वाटतो. स्वित्झर्लंडच्या पूर्वेला ग्राउब्युंडन हा डोंगराळ प्रांत आहे. सेंट मोरिट्झ, दावोस, कूर ही गावं त्यातलीच. तिथल्या सरकारने ऑगस्ट १९०० मध्ये प्रांतातल्या सगळ्या रस्त्यांवर मोटारींना बंदी घातली. कारणं साधी होती. अरुंद घाटरस्ते, एका बाजूला दरी, टपालाच्या घोडागाड्या, आणि मोटारीच्या आवाजाने बुजणारे घोडे. बुजलेला घोडा सपाटीवर शेतात शिरतो. घाटात तो कुठे जाणार? बाहेरून आलेल्या मोटारवाल्याला प्रांतातून जायचं असेल तर इंजिन बंद करून पुढे घोडे नाहीतर बैल जुंपावे लागत. लाखमोलाची मोटार बैलांनी ओढत नेलेली पाहून प्रवासी हसत असतील. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. गावाने ठरवलं होतं की आमच्या चढावर आमच्या चालीने चालायचं, आणि गाव ते पाळून घेत होतं.

ही बंदी पंचवीस वर्षं टिकली. मध्ये पुन्हा पुन्हा मतदान झालं, एकूण दहा वेळा. हॉटेलवाल्यांना पाहुणे आणणाऱ्या मोटारी हव्या होत्या, डोंगरातल्या शेतकऱ्यांना त्या नको होत्या, आणि प्रांताचा पैसा नव्या रेल्वेत अडकला होता. २१ जून १९२५ च्या मतदानात बंदी उठली. ही सगळी मतं पुरुषांची होती. तिथल्या बायकांना मताचा अधिकार मिळायला पुढे जवळजवळ अर्धं शतक जावं लागलं. रस्त्यावरून पाणी आणणारी, पोरांना शाळेत सोडणारी, धुरळा झाडणारी जी माणसं होती, त्यांना रस्त्याबद्दल कोणी विचारलंच नाही. या मतदानाचं कौतुक करताना हे विसरायला मी तयार नाही.

तरीही त्या पंचवीस वर्षांत एक फार मोलाची गोष्ट घडली: क्रम ठरला. खाजगी मोटारीच्या आधी टपाल खात्याच्या बस आल्या. सगळ्यांसाठी असलेलं वाहन आधी, एकट्याचं नंतर. टपालाच्या घोडागाडीची पिवळी खूण बसवर आली आणि गाडीवानाच्या शिंगाच्या जागी तीन सुरांचा भोंगा. स्वित्झर्लंडच्या डोंगरी टपालरस्त्यांवर आजही निळ्या पाटीवर पिवळं शिंग असतं, आणि अशा रस्त्यावर अडचणीच्या जागी बसचालक सांगेल तसं इतरांनी मागे-पुढे व्हायचं असतं. मोटार नाकारण्यात वेळ गेला असं म्हणतात. मला वाटतं तो वेळ वाया गेला नाही.

सॅन फ्रान्सिस्कोने उलट टोक गाठलं. त्या शहराचे रस्ते आखणाऱ्यांनी टेकड्या जणू नाहीतच असं समजून पट्टीने सरळ रेघा मारल्या. रस्ते उभे चढले. ओल्या दगडांवरून घोडे घसरून मरताना पाहिले आणि त्यावरून केबल कारची कल्पना सुचली, अशी अँड्र्यू हॅलिडीची गोष्ट सांगतात. ऑगस्ट १८७३ मध्ये क्ले स्ट्रीटवर त्याची पहिली गाडी धावली. जमिनीखाली सतत पळणारा तारेचा दोर गाडीने पकडायचा आणि वर जायचं. मोटार आल्यावर पुन्हा प्रश्न उभा राहिला. लॉम्बार्ड स्ट्रीटचा एक तुकडा २७ टक्के चढाचा होता, गाड्यांच्या आवाक्याबाहेर. १९२२ मध्ये त्या सरळ गल्लीतच आठ वळणं बसवली आणि चढ १६ टक्क्यांवर आणला. आज तिथे जगभरचे लोक फोटो काढायला जातात, फुलझाडं छान दिसतात. पण मी त्या गल्लीकडे पाहतो तेव्हा मला दोन्ही कडांच्या पायऱ्या दिसतात. माणसाची वाट सरळच राहिली, फक्त कडेला सरकली. मधली सगळी जागा मोटारीच्या वळणांना गेली. मोटारीने डोंगरातल्या रस्त्याचं काय केलं याचा इतका उघडा नमुना दुसरीकडे क्वचितच सापडेल.

त्याच शहरात चढावर गाडी उभी करताना पुढची चाकं फुटपाथच्या कडेला वळवून ठेवायची सक्ती आहे, म्हणजे ब्रेक सुटला तर गाडी कडेला अडावी. चाकामागे दगड लावायची जुनी सवय अशी कायद्याच्या कलमात जाऊन बसली. आणि १९४७ मध्ये, चढ सहज चढणाऱ्या बस आल्या आहेत तर आता केबल कार काढून टाकू असं तिथल्या महापौरांनी ठरवलं, तेव्हा फ्रीडेल क्लुसमन या बाईंनी लोक उभे केले आणि ती मोडू दिली नाही.

पिट्सबर्गचं वेगळंच. तिथे नदीकाठच्या कारखान्यांत काम आणि वर डोंगरावर घरं. कामगार वर जायचे ते तिरक्या रुळांवरून दोराने ओढल्या जाणाऱ्या डब्यांतून, नाहीतर पायऱ्यांनी. १९२४ मध्ये डोंगरातून लिबर्टी बोगदे काढले आणि मोटारी डोंगर न चढता पलीकडे जाऊ लागल्या. सुरुवातीलाच, त्या वर्षीच्या मे महिन्यात, ट्रामच्या संपामुळे बोगद्यात गाड्यांची इतकी गर्दी झाली की धूर कोंडून माणसं बेशुद्ध पडली. हवा खेळती ठेवायची व्यवस्था तेव्हा पुरी झालेली नव्हती. त्या तिरक्या गाड्यांपैकी आता दोन उरल्या आहेत. पायऱ्या मात्र आहेत, ७०० हून जास्त ठिकाणी, आणि त्यांतल्या कित्येक कागदोपत्री पूर्ण रस्ते आहेत. नाव आहे, पाटी आहे, नकाशात रेघ आहे. नवखा माणूस नकाशा पाहून मोटार घेऊन जातो तर पुढ्यात जिना. मला या गोष्टीचं अतोनात बरं वाटतं. पायऱ्यांचा मार्ग रस्ता म्हणून नोंदलेला असला की त्याची डागडुजी हे शहराचं काम ठरतं. नोंद नसली की तो कोणाच्याच मालकीचा राहत नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत त्यावर कचरा पडू लागतो.

कारण मोटाररस्ता झाल्यावर बहुतेक डोंगरी गावांत हेच होतं. दुकानं रस्त्याकडे तोंड करतात. घरांची जी बाजू मागची होती ती पुढची होते, तळाला भिंत फोडून गाडी ठेवायची खोली निघते. पायऱ्यांची गल्ली, जिथे काल सगळं गाव एकमेकांना भेटत होतं, ती मागची गल्ली होते. तिथला दिवा गेला तर लवकर बदलला जात नाही. जागांचे भावही पायी किती जवळ यावर ठरत नाहीत, मोटार दारात येते का यावर ठरतात.

हे लिहिताना जुन्या दिवसांबद्दल हळहळायचा मोह होतो, आणि तिथेच मी स्वतःला अडवतो. सिमल्याचा मॉल, म्हणजे तिथला वरचा मुख्य रस्ता घ्या. इंग्रजी अमलात तिथे व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचे गव्हर्नर एवढ्यांनाच गाडी नेता येई. बाकीचे पायी, घोड्यावर किंवा रिक्षात. तो रस्ता किती शांत, किती मोकळा असेल! पण त्या रिक्षा माणसं ओढत होती, एकेका रिक्षेला चार-चार. आणि डोंगरभर बेगार चालत होती. साहेब दौऱ्यावर निघाला की गावच्या माणसांनी त्याचं सामान पुढच्या मुक्कामापर्यंत वाहून न्यायचं. कोणाची पाळी, ते वहीत लिहिलेलं. कुमाऊँमध्ये बागेश्वरच्या उत्तरायणीच्या मेळ्यात, जानेवारी १९२१ मध्ये, बद्रीदत्त पांडे यांच्या पुढाकाराने लोकांनी त्या वह्या शरयूच्या पाण्यात फेकल्या. त्याच सुमाराला सिमल्याच्या डोंगरात सॅम्युअल स्टोक्स हा तिथे स्थायिक झालेला अमेरिकन बेगारीविरुद्ध लढत होता. मोटारीविना शांत असलेल्या त्या रस्त्यांखाली या माणसांचे खांदे होते. ते खांदे मोकळे व्हायला बंड जसं लागलं तसं इंजिनही लागलं, असं मी मानतो.

पुरते मोकळे झाले का? सिमल्यात मोटारी खाली कार्ट रोडवर थांबतात, मॉलवर येत नाहीत. तिथून वर जाणाऱ्या पायऱ्यांवर मी एकदा एका हमालाच्या मागून चढत होतो. पाठीवर फ्रिज, कपाळावरून गेलेला पट्टा, नजर दोन पायऱ्या पुढे. सिमल्याच्या या काश्मिरी हमालांना तिथे खान म्हणतात. पुढे होऊन त्याला ओलांडणं मला जमेना, आणि ते बरंही दिसलं नसतं. वळणावर तो वळला, भिंतीच्या कठड्यावर फ्रिजचा तळ टेकवला आणि उभ्याउभ्या श्वास घेतला. कठडा नेमका त्याच्या कमरेच्या उंचीला होता. तो फ्रिज शेकडो मैल ट्रकमधून आला असेल. मोटारीने हमालाचा पल्ला फक्त तोडला, आणि सगळ्यांत उभा तुकडा त्याच्याकडेच ठेवला. मोटार बाहेर ठेवणाऱ्या गावाने हे पाहिल्याशिवाय आपल्या शांततेबद्दल बोलू नये.

आपल्याकडे हा प्रश्न आज, आत्ता, माथेरानमध्ये आहे. १८५० मध्ये ठाण्याचा इंग्रज कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेला, १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने उभारलेली छोटी आगगाडी नेरळहून वर आली, आणि मोटारी मात्र गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यावरच थांबल्या. लाल मातीचे रस्ते, वर झाडांची सावली, हॉर्नचा आवाज नाही. त्या सुखासाठीच लोक येतात, मीही त्यांतलाच. आणि याच रस्त्यांवर माणसं माणसांना हातरिक्षेतून ओढत आली. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षांचा पहिला प्रयोग झाला. त्या ई-रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक घालावेत की माती राखावी, घोड्यांचे खूर त्यावर टिकतात का, पावसात माती किती वाहून जाते, या सगळ्यावरून तिथे वाद चालू आहेत. घोडा आणि चाक यांचा तोच जुना झगडा, शंभर वर्षं उशिराने.

माझं मत विचाराल तर ग्राउब्युंडनने जो क्रम पाळला तो माथेरानला जमण्यासारखा आहे. ज्याच्या हातात आज ओढायची दांडी आहे त्याच्या हातात आधी हँडल द्यावं. मग त्या वाहनावर पहिला हक्क शाळेची मुलं, आजारी, म्हातारे आणि गॅसचं सिलिंडर यांचा. रस्ता ई-रिक्षा जाईल एवढाच रुंद ठेवावा, त्याहून एक फूटही जास्त नाही, कारण रुंद झालेला रस्ता पुढे कोणासाठी रुंद होतो ते आपण सगळीकडे पाहिलं आहे. घोडेवाल्यांना विचारल्याशिवाय रस्त्यावर काही अंथरू नये. आणि पाहुण्यांच्या मोटारी आहेत तिथेच, दस्तुरीवर, उभ्या राहाव्यात. धडधाकट माणसाने तिथून पुढे चालावं.